रबरी बोट, 10 व्यक्ती क्षमतेची, इंजिनसह, नग 2

काल दुपारी एक कागद हाताला लागला. आमच्याच पालिकेचा. यंदाच्या पावसाळ्यासाठी बोटी घ्यायच्या आहेत, त्याची मागणी. पुरवठादारांनी दर द्यावेत म्हणून जो तांत्रिक तपशील दिलाय तो अख्खाच्या अख्खा असा: "रबरी बोट, हवेची, 10 व्यक्ती क्षमतेची, इंजिन व लाइफ जॅकेटसह. नग 2." संपलं. ह्याच पालिकेनं स्वागत कमानीसाठी दर मागवले होते तेव्हा तपशील चार पानांचा होता. ग्रॅनाइट किती मिलिमीटर जाड पाहिजे, हेसुद्धा त्यात होतं.

पोस्ट लांबणार आहे. नदीकाठच्यांनी जरा वेळ काढून वाचा.

आधी माझंच सांगतो. 2017 च्या जूनमध्ये पालिकेनं पहिली रबरी बोट घेतली. लोकार्पणाला मी होतो. बोट पालिकेच्या आवारात, फरशीवर. तिला झेंडूचा हार, पुढं फोडलेला नारळ, आणि आत पदाधिकारी बसलेले. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घातलेले, कोरड्या फरशीवर. मी फोटो काढला, बातमी दिली. शीर्षक माझंच होतं: 'पुराशी सामना करण्यास पालिका सज्ज'. इंजिन चालू करून दाखवा, असं मी म्हटलं नाही. ही चालवणार कोण, ते विचारलं नाही. पत्रकारितेच्या पदविकेत पहिल्या महिन्यात शिकवतात की माणूस जे दाखवतोय त्याच्या मागं काय आहे ते बघ. मी चहा घेतला आणि निघालो. ते कात्रण अजून माझ्याकडं आहे.

पुढं 2019 चा ऑगस्ट आला. कृष्णाकाठच्या माणसाला त्याची गोष्ट सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे, पाणी शेवटी 57 फुटांच्या वर गेलं. मंगळवारी, 6 तारखेला, आमच्या गावच्या खालच्या अंगाची मळ्यातली वस्ती तुटली. माझी आत्या तिथंच. वय 72, साखरेचा आजार, रोजचं इंजेक्शन. घरातली आणि शेजारची मिळून चौदा माणसं एका स्लॅबवर.

पालिकेची बोट गोदामातून बाहेर काढली. पायपंपाची नळी कडक होऊन चिरलेली. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणा. आणला. आता हे समजून घ्या. ह्या बोटीच्या बाजूच्या नळ्यांत हवा भरायची ती साधारण 0.2 ते 0.25 बार, म्हणजे मोटरसायकलच्या चाकात असते त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. हाताला बोट टणक लागली तरी आकडा तेवढाच असतो. कॉम्प्रेसरनं भरणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? मागच्या कप्प्याचा सांधा फट्‌ करून उकलला. दुरुस्तीच्या डबीतलं सोल्यूशन दगड झालेलं. दोन वर्षांत ते वाळणारच. डबीवर मुदत लिहिलेली होती, वाचली कुणी नव्हती.

इंजिन दीड तास ओढलं तेव्हा धरलं. टाकीत मागच्या वर्षीचं पेट्रोल, कार्बोरेटरमध्ये राळ बसलेली. एवढं सगळं करून, एक कप्पा मऊ ठेवून, चार पोरं निघाली. पोरं धाडसी होती, त्यांना मी आजही नाव ठेवणार नाही. वस्तीच्या अलीकडं द्राक्षबाग आहे. पाण्याखाली तारा, लोखंडी अँगल. पंख्यात तार गुंडाळली, इंजिन बंद. बोट अँगलवर घासली आणि तळाला फाटली. बांबूनं ढकलत ढकलत पोरं कशीबशी माघारी आली.

आत्याला तिसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी लाकडी होडीतून आणलं. तात्या म्हणजे आमच्या घाटावरचे भोई, आयुष्य नदीत गेलेलं. आत्या शुद्धीवर होती, पण बोलताना जीभ जड झालेली. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी जरा सावरल्यावर मला म्हणाली, "बोट आल्ती रं. त्या बागंपातुर आली आन माघारी गेली. मी हात केला, त्यांनी बी केला."

आत्या पुढं दोन वर्षांनी गेली, वयानं. पण तिचं ते वाक्य मी तेव्हा बातमीत घातलं नाही. कारण मग 2017 च्या माझ्या बातमीचं काय करायचं, हा प्रश्न होता.

2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा ती बोट बाहेरच निघाली नाही. फाटलेली, ओली असतानाच घडी घालून ठेवलेली. घडीत उंदरांनी घर केलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. "रबरी बोट" एवढं लिहून बोट घेता येत नाही. आपल्याकडं सगळ्याच हवेच्या बोटींना लोक झोडियाक म्हणतात. ते खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव. दरपत्रकात मात्र काहीही येऊ शकतं, तलावात लेकरांना फिरवायच्या बोटीपासून. आणि सगळ्यात कमी दराचा निकष लावला की तीच येणार.

काहीजण म्हणतात, हवेची बोट नकोच, फायबरची घ्या. ह्यात तथ्य आहे. अँगल, पत्रे, काचा, तुटक्या भिंतीतल्या सळया ह्यांना फायबर जास्त टिकतं. पण फायबरची बोट न्यायला ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा टेम्पो लागतो, उतरवायला आठ-दहा माणसं. रस्त्यात गुडघाभर चिखल असला की खेळ खलास. हवेची बोट जीपच्या टपावरून जाते, चार माणसं उचलतात, कुठूनही पाण्यात सोडता येते. एक कप्पा गेला तरी बाकीच्यांवर तरंगते. काठ मऊ, त्यामुळं भिंतीला, खिडकीला बिनधास्त लावता येते. म्हातारं माणूस तिच्या नळीवर आधी बसतं आणि मग पाय आत घेतं. फायबरच्या उंच काठावरून आत्याला चढवायचं म्हटलं असतं तर दोघांनी उचलावं लागलं असतं. माझं मत विचाराल तर दोन बोटींच्या पैशात एक फायबरची आणि एक हवेची घ्यावी. पण दोन्ही हवेच्याच घ्यायच्या ठरल्या असतील तर निदान नीट घ्या.

कापडाचं बघा. ह्या बोटी दोन जातींच्या असतात: पीव्हीसी आणि हायपॅलॉन. हायपॅलॉन हे जुनं व्यापारी नाव, मूळ कंपनीनं ते बनवणं थांबवलंय, आता त्याच जातीचं रबर सीएसएम म्हणून मिळतं. महाग असतं. पण उन्हाला, उष्णतेला, पेट्रोलच्या शिंतोड्यांना दाद देत नाही, आणि ठिगळ लावायलाही सोपं. पीव्हीसी स्वस्त. त्यात पुन्हा दोन प्रकार: सांधे नुसते चिकटवलेले, आणि सांधे उष्णतेनं एकजीव केलेले. पालिकेचं गोदाम पत्र्याचं आहे. एप्रिल-मेमध्ये त्यात भाकरी भाजेल. तिथं चिकटवलेल्या सांध्यांची पीव्हीसी बोट ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, आणि तेही पूर यायच्या आधीच. पैसे असतील तर सीएसएम. नसतील तर जाड कापडाची, एकजीव सांध्यांची पीव्हीसी. हे एक वाक्य तपशिलात घालायला किती वेळ लागतो?

बाजूच्या नळीत निदान चार-पाच वेगळे कप्पे पाहिजेत आणि तळाच्या कण्याची नळी वेगळी. नळीच्या पोटाखाली, जिथं घासायचं तिथं, जादा जाड पट्टी पाहिजे. आमच्याकडं हीच पट्टी सगळ्यात महत्त्वाची, कारण आमचा पूर उसाच्या फडातून, द्राक्षबागेतून, कुंपणाच्या तारांवरून जातो. तात्या म्हणाले ते मला पटतं: "अवो, पान्याखाली कुणाची बाग हाय ह्ये कंपनीला कसं ठावं आसंल? ते आपुन सांगाय नगं?"

रंग भगवा किंवा लाल पाहिजे. मागची बोट करड्या रंगाची होती. गढूळ पाण्यात पन्नास पावलांवर दिसायची नाही. काठाला चौफेर धरायला दोरी पाहिजे. तळ अॅल्युमिनियमच्या फळ्यांचा असला तर आजारी माणसाला स्ट्रेचरवर आडवं ठेवता येतं आणि चालताना पाय रुतत नाही. हवेच्या फुगणाऱ्या तळाची बोट हलकी पडते, लवकर तयार होते, पण चपलेतला खडा आणि बोचक्यातला विळा तिला चालत नाही. आणि आपल्याकडं घर सोडताना बाई विळा-खुरपं घेतेच.

मग इंजिन. 25 ते 30 अश्वशक्तीचं, दोन माणसांनी उचलता येईल असं, बोटीच्या मागच्या फळीच्या उंचीला जुळणारं. हे जुळणं म्हणजे काय, तर इंजिनाचा दांडा आखूड किंवा लांब असतो, ढोबळमानानं 15 आणि 20 इंचांच्या फळीसाठी. बोट एकाकडून आणि इंजिन दुसऱ्याकडून घेतलं की इथंच घोळ होतो. आखूड पडला तर पंखा हवा खातो, लांब पडला तर जमीन खरवडतो. पंख्याभोवती संरक्षक कडं किंवा जाळी हवी. वेग थोडा कमी होतो, होऊ दे. पाण्यात पडलेल्या माणसाचे पाय शाबूत राहतात. काही विक्रेते पंख्याऐवजी जेटचं इंजिन सुचवतात. पंखाच नाही, त्यामुळं ऐकायला छान वाटतं. पण जेट पाणी आत ओढतं आणि आपल्या पाण्यात जलपर्णी आहे, पाचट आहे, प्लॅस्टिक आहे. ते चोंदलं की संपलं. म्हणून कुठलंही इंजिन घ्या, चार वल्ही आणि दोन लांब बांबू बोटीत पाहिजेतच. त्या दिवशी पोरं बांबूमुळंच परत आली.

पेट्रोलचं एक सांगतो. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाचं, त्याचा अभिमान आहेच. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीत महिनोन्‌महिने ठेवलेलं पेट्रोल ऐन वेळी दगा देणारच. इंजिन वापरून झालं की नळी काढून आतलं पेट्रोल जळून संपू द्यायचं, आणि पंधरवड्यातून एकदा पाण्याच्या पिंपात दांडा बुडवून, ताजं पेट्रोल घालून दहा मिनिटं चालवायचं. कोरडं चालवायचं नाही, थंड करायला त्याला पाणी लागतं. पिंप पालिकेकडं आहे. दहा मिनिटं काढणारा माणूस नेमलेला नाही.

आता त्या "10 व्यक्ती"कडं येऊ. चांगल्या बोटीच्या फळीवर बनवणाऱ्याची पाटी असते. जास्तीत जास्त किती माणसं, किती किलो, किती अश्वशक्तीचं इंजिन, किती हवा. आयएसओ 6185 हे हवेच्या बोटींचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते तपशिलात लिहिलं की पाटीशिवायची बोट आपोआप बाद होते. पण पाटीवरच्या दहामध्ये चालवणारे पण आले. इंजिनावर एक, पुढं दोरी धरून एक, आणि माणसं चढवा-उतरवायला एक. उरली सात. बोचकी, शेळ्या, गॅसची टाकी धरली तर सहा. वस्तीवर साठ माणसं असतील तर सातच्या हिशेबानं नऊ खेपा. जाऊन येऊन, चढवून उतरवून पंचवीस मिनिटं धरा, पावणेचार तास झाले. 25 अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात तासाला दहा-बारा लिटर पेट्रोल पितं, आणि सोबत मिळणारी टाकी साधारण 24-25 लिटरची. म्हणजे दुसरी टाकी तपशिलात नसेल तर पाचव्या-सहाव्या खेपेला बोट पेट्रोलसाठी धक्क्याला बसणार, आणि पंप पाण्यात.

हा हिशेब आधी केला नाही की काय होतं ते आपण बघितलंय. 8 ऑगस्ट 2019, ब्रह्मनाळ, पलूस तालुका. कृष्णा आणि येरळा भेटतात तिथलं गाव. बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. बोट उलटली. 17 जण गेले, त्यात बायका आणि लेकरं. त्या लोकांना अक्कल नव्हती असं कुणी म्हणू नये. पाणी चढत असताना, पुढची खेप येईल की नाही ह्याची खात्री नसताना, काठावर उभं राहून "तुम्ही पुढच्या खेपेला या" हे ऐकून घेणारा माणूस मला दाखवा. खेप येणार ह्याची खात्री असली तरच माणूस थांबतो. आणि ती खात्री दुसऱ्या बोटीनं, दुसऱ्या टाकीनं आणि ओळखीच्या चालकानं येते.

लाइफ जॅकेटचं तर मागच्या वेळी हसू झालं होतं. सगळी मोठ्या मापाची. सहा वर्षांच्या पोराला घातलं की पोर खालून निसटतं, जॅकेट वर तरंगतं. लहान मापाची वेगळी लिहा, पायातून घ्यायचा पट्टा असलेली लिहा, आणि इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या संस्थेचं मान्यतापत्र मागा. बाजारात थर्मोकोल भरलेली भगवी पिशवी पण जॅकेट म्हणून मिळते.

"एनडीआरएफ येतं की," असं मला पालिकेतल्या एकानं सांगितलं. येतं. त्यांची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, पावसाळ्यात त्यांच्या तुकड्या कोल्हापूर-सांगलीत आधीच आणून ठेवतात, आणि त्यांच्या कामाला माझा सलाम. पण 2019 ला कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळूरु महामार्गच कित्येक दिवस बंद होता हे विसरू नका. पहिला दिवस गावालाच काढावा लागतो. पूर्वी काठावरची माणसं गुऱ्हाळाच्या काहिलीतून, भोपळ्याच्या सांगडीवरून, ट्रकच्या ट्यूबवर हा पहिला दिवस काढायची. आता पालिकेकडं पैसे आहेत, तर काहिलीपेक्षा बरं काहीतरी मिळावं एवढीच अपेक्षा आहे.

आणि चालवणार कोण? कागदात एक शब्द नाही. अग्निशमनची पोरं कंत्राटी, दर वर्षी नवी. तात्यांना आणि घाटावरच्या चार-पाच भोयांना ह्या नदीचा प्रत्येक भोवरा ठाऊक आहे. त्यांना मानधन देऊन पावसाळ्याचे चार महिने जोडून घ्यायला कुठला नियम आडवा येतो? केंद्राची आपदा मित्र योजना आहे, तरुणांना प्रशिक्षण देणारी. त्यात ह्यांची नावं का जाऊ नयेत? तात्यांना मी विचारलं, रबरी बोट चालवाल का. म्हणाले, "शिकवा की. पर आधी मला ती उनात न्हाई, पान्यात दावा." मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, उन्हात भरलेली बोट आतली हवा तापून टणक होते, थंड पाण्यात टाकली की ढिली पडते. पाण्यात टाकल्यावर हवा पुन्हा तपासावी लागते. रबरी बोटीत ते एकदाच बसलेत, मागच्या पुरात, तेवढ्यात त्यांनी हे टिपलं. आमच्या लोकार्पणात बोट उन्हातच होती.

दरपत्रकं उघडायला अजून वेळ आहे, शुद्धिपत्रक काढून तपशील बदलता येतो. ह्यापूर्वी कमानीच्या वेळी दोनदा काढलंय. मी आज मुख्याधिकाऱ्यांना लेखी दिलंय, पोच घेतली आहे. मागणी साधी आहे. बिल निघायच्या आधी बोट नदीत उतरवायची. पायपंपानं भरायची, घड्याळ लावून. भरलेली रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी हवा मोजायची. मग एक कप्पा मुद्दाम रिकामा करून, दहा माणसांच्या वजनाची वाळूची पोती टाकून, इंजिन लावून पलीकडच्या घाटाला जाऊन यायचं. पुरवठादाराचा माणूस बोटीत बसलेला पाहिजे. पहिल्या वर्षाची देखभाल आणि आमच्या माणसांचं प्रशिक्षण त्याच दरात.

परवा शुक्रवारी सकाळी 11 वाजता पालिकेत मान्सूनपूर्व आढावा बैठक आहे. खालच्या वस्तीतले, मळ्यातले, ज्यांच्या घराला 2019 ची पाण्याची रेघ अजून आहे, त्यांनी या. तात्या येणार आहेत. मी येताना 2017 चं ते कात्रण घेऊन येतोय.